आमच्या आंब्याचा कल

माणसाचा कल ओळखणे तसे सोपे असते. मुलांसाठी कलचाचणी असते. मतमोजणीच्या दिवशी अकराच्या सुमाराला जनतेचा कल हाती येतो. सासूबाईंचा कल तर त्या श्रीखंड वाढायला उठल्या की पहिल्या दोन पानांतच कळतो. झाडाचा कल मात्र शेजाऱ्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. निदान मला तरी कळला नाही.

मार्च महिना होता. मी नेहमीप्रमाणे वरच्या गॅलरीत, सकाळचे ऊन पाठीवर घेत चहा पीत बसलो होतो. घरात माझ्या मालकीची म्हणता येईल अशी ही एकच जागा. बाकीच्या जागांवर मी बसतो, पण कुणीतरी झाडू घेऊन आले की उठावे लागते. तेवढ्यात खालून हाक आली.

"अहो, जरा खाली येता का?"

मी मागे वळून पाहिले. 'अहो' म्हणण्यासारखे माझ्या मागे कुणी नव्हते. कुंपणाच्या भिंतीपलीकडे नाना उभे होते आणि माझ्याकडेच पाहत होते. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. नाना माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आम्ही एकाच वाड्यात वाढलो. मला नातवंडे झाली, कवळी बसली, तरी नाना मला 'अरे बाळ' म्हणतात. भाजीवाल्यासमोरसुद्धा म्हणतात. आणि आज 'अहो'! आपल्याकडे माणूस भांडायला लागला की एकेरीवर येतो म्हणतात. ते परक्यांचे. घरच्या माणसाने 'तुम्ही' म्हटले की समजावे, प्रकरण गंभीर आहे.

"तुमचं झाड आमच्याकडे यायला लागलंय," नाना म्हणाले.

"येऊ द्या की! घरचंच आहे. चहा पाजून परत पाठवा."

नाना हसले नाहीत. त्यांनी नुसते बोट दाखवले. मी खाली गेलो आणि इतक्या वर्षांत प्रथमच आमच्या आंब्याकडे नीट पाहिले. बुंधा सरळ दहा-अकरा फूट वर गेलेला. तिथून मात्र तो जो वळला होता तो थेट भिंतीवरून नानांच्या अंगणात. खोड आमच्यात आणि सावली, पालापाचोळा, पाखरे, कैऱ्या सगळे त्यांच्यात. शिवाय भिंतीला खालपासून वरपर्यंत एक तडा गेला होता.

"नाना, इतकी वर्षं उभं आहे. आताच काय होतंय?" मी म्हणालो.

हे वाक्य मी बोलायला नको होते. पण ते का, हे मला दोन महिन्यांनी समजले.

या झाडाची थोडी हकीकत सांगायला हवी. १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. आमचा वाडा नदीपासून हाकेच्या अंतरावर. मातीच्या भिंती त्या, पाण्यात बसल्या. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती निघाल्या, त्यांतल्या एकीत वडिलांनी प्लॉट घेतला. शेजारचा नानांच्या वडिलांनी घेतला. एका वाड्यातली दोन बिऱ्हाडे मध्ये भिंत घालून पुन्हा शेजारी आली.

पुराने आमच्या वडिलांना एक नाद लावला. त्यांना कललेली वस्तू खपेनाशी झाली. घर बांधताना त्यांनी स्वतःचा एक ओळंबा विकत घेतला, सुतळीला लावलेले पितळी वजन. गवंड्याने ओळंबा लावून भिंत बघितली की मागून हे आपला लावून बघायचे. गवंडी चिडायचा. घर झाल्यावर ओळंबा कपाटात जाईल असे आईला वाटले होते, पण मग ते भिंतीवरचे फोटो, कपाटे आणि एकदा तर मोरीतला बंबही ओळंब्यात आहे का ते पाहून गेले. भांगसुद्धा ते असा पाडत की जणू वरून सुतळी सोडली आहे.

अशा माणसाने १९६५च्या पावसाळ्यात परसात आंब्याची कोय लावली. रायवळच, पण कैरी अशी आंबट की नाव घेतले तरी कान हलावेत. रोपाभोवती त्यांनी सिमेंटचे गोल आळे केले आणि ओल्या सिमेंटवर खिळ्याने '१९६५' असे कोरले. आकडेसुद्धा सरळ रेषेत. आणि त्याच झाडाने पुढे असे वळावे! थोरांच्या पोटी काय काय निपजते याचे मी एकच उदाहरण आहे असे आजवर मला वाटत होते.

तर नानांची मागणी सरळ होती : झाड काढा. माझे म्हणणेही सरळ होते : वडिलांनी लावलेले झाड मी काढणार नाही. दोन्ही बाजू सरळ असल्या की भांडण वाकड्यात जायला वेळ लागत नाही. आमच्यात पत्रव्यवहार सुरू झाला. वास्तविक भिंत चार फुटांची. पण नानांची नात फाटकातून वळसा घालून आमच्याकडे पाकीट घेऊन येई. 'सप्रेम नमस्कार वि. वि.' अशी सुरुवात, आणि त्यानंतर प्रेमाचा किंवा नमस्काराचा पुन्हा उल्लेख नाही. 'आपल्या वृक्षामुळे आमच्या भिंतीस तडा गेला असून' वगैरे. मीही उत्तर धाडले, 'सदर भिंत उभयतांची असून तडाही उभयतांचा आहे.' हे वाक्य मला फार आवडले होते. मी ते हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून आता एक वकील करा. अर्धी अर्धी फी द्या."

पण खरा हादरा बसला मे महिन्यात. गेली कित्येक वर्षे आमच्या आंब्याच्या कैऱ्या नानांच्या अंगणात पडतात, नानांच्या घरच्या माई त्यांचे लोणचे घालतात आणि पहिली बरणी भिंतीवरून आमच्याकडे येते. हा करार कुणी कधी लिहिला नाही, म्हणूनच तो टिकला. त्या वर्षी बरणी आली नाही. तिच्याऐवजी एक पिशवी आली. आत कैऱ्या आणि चिठ्ठी : 'आपल्या झाडाच्या कैऱ्या. नग ४२. मोजून घेणे.'

मी मोजल्या. बेचाळीसच होत्या. कसे कोण जाणे, पण त्या क्षणी मला फार एकटे वाटले.

मग सल्लागार आले. झाड वाकले की माणसे आपोआप जमतात. एक म्हणाले, दोर लावून गॅलरीच्या खांबाला बांधा. म्हणजे झाड जाईल तेव्हा गॅलरीही जाईल. दुसरे म्हणाले, लोखंडी टेकू द्या. तिसरे म्हणाले, बुंध्यात हिंग भरा, झाड आपोआप मरतं आणि कुणाला कळत नाही. हे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांच्याकडे चहा घेण्याचे मी हल्ली टाळतो. शेवटी झाडे तोडणारा एक जण कोयता आणि करवत घेऊन हजर झाला. त्याने झाडाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "काढून टाकू साहेब. लाकूड माझं. वरती तुम्ही काय द्यायचे ते द्या."

"परवानगी लागते ना?"

"तुम्ही लावा की. आम्ही तोडायला आहोत."

म्हणून मी उद्यान खात्याच्या कचेरीत गेलो. तिथे मला कळले की शहरातले झाड, मग ते आपल्या परसात का असेना, आपल्या मर्जीने तोडता येत नाही. त्यासाठी १९७५ सालचा महाराष्ट्राचा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे. तोडायचे तर अर्ज करा. मग झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, लोकांच्या हरकती मागवतात. माझ्या लग्नाच्या वेळी एवढी चौकशी झाली नव्हती. शिवाय २०२१मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक वर्षांचे झाड म्हणजे वारसा वृक्ष. आणि तोडायची परवानगी मिळालीच, तर झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावायची.

मी मनात हिशेब केला. आमच्या आंब्याने साठी गाठली होती. म्हणजे साठ झाडे! आमचे परस सतरंजीएवढे. साठ झाडे लावायची तर आम्हाला घर पाडावे लागेल, आणि नानांनाही.

घरी येऊन मी हे सांगितल्यावर झाडे तोडणारा म्हणाला, "वय तीस टाका. झाडाला कोण विचारतंय?"

"अरे, पण तिथं सिमेंटवर साल लिहिलंय."

"मग सिमेंट फोडू." त्याने लगेच पहार उचलली. वडिलांचे ते सरळ आकडे मला दिसले आणि मी एवढ्या जोराने "खबरदार!" म्हणालो की पलीकडे नानांच्या घरात कुणीतरी भांडे पाडले. वय चोरायची वेळ माणसांवर येते, झाडावर मी येऊ देणार नव्हतो.

त्याच आठवड्यात एका रात्री वळीव आला. सोसाट्याचा वारा, धूळ, मग पाऊस, दिवे गेले. मी बॅटरी घेऊन गॅलरीत आलो. आंबा समुद्रातल्या होडीसारखा हलत होता. मी बॅटरीचा झोत खाली टाकला आणि तो नानांच्या मागच्या खोलीच्या खिडकीवर पडला. आत आरामखुर्चीत नाना जागे बसले होते. अंगावर शाल, हातात काठी. झाडाकडे पाहत. मी बॅटरी पटकन विझवली. चोरी मी केली नव्हती, पण पकडला गेल्यासारखे वाटले.

सकाळी माईंनी हिला सांगितले. (बायकांचा पत्रव्यवहार नव्हता. त्या भिंतीवरून बोलतच होत्या.) मागची खोली नातीची. मार्चपासून नानांनी तिला आतल्या खोलीत निजायला लावले आणि आपली कॉट तिथे टाकली. वारा सुटला की ते उठून बसतात. माई म्हणाल्या, "मी म्हटलं, तुम्ही तरी कशाला निजता तिथं? तर म्हणतात, पडलं तर माझ्यावर पडू दे. मी एकदा भिंत पडताना बघितली आहे. आधी अशीच कलली होती. मी नुसता बघत उभा होतो आणि म्हणत होतो, इतकी वर्षं उभी आहे, आताच काय होतंय?"

ही मला हे सांगत होती आणि मी चहाच्या कपात बघत होतो. वाड्याची भिंत पडली तेव्हा माणसे बाहेर पडली होती, एवढेच मला माहीत होते. एकवीस वर्षांचा नाना ती पडताना बघत होता, हे मला आजवर कुणी सांगितले नव्हते. मी मोठ्या ऐटीत लिहिलेले ते 'तडाही उभयतांचा' हे वाक्य मला आठवले आणि आवडेनासे झाले.

मी अर्ज केला. तोडण्याचा नव्हे, झाड पाहून काय ते सांगा म्हणून. काही दिवसांनी खात्याचे एक साहेब आले. तरुण मुलगा होता. मी, ही, नाना, माई आणि नात, सगळे आंब्याभोवती जमलो. पेशंटभोवती नातेवाईक जमतात तसे. आणि तोही डॉक्टरसारखाच वागला. बुंध्यावर लाकडी हातोडीने ठिकठिकाणी ठोकून ऐकले. आत पोकळ असेल तर आवाज बदलतो. मुळाशी वाळवी आहे का, भुईछत्रे उगवलीत का ते बघितले. मग तो चक्क आमच्या घराच्या बाजूला, कलाच्या उलट्या अंगाला, गुडघ्यांवर बसला आणि माती चाचपू लागला.

"झाड पडायला लागलं की इथली जमीन उचलते, भेगा पडतात," तो म्हणाला. "दोन दिवसांत कललं असेल तर घाबरायचं. हे वर्षानुवर्षं हळूहळू वळलंय. असं झाड वरच्या अंगाला घट्ट लाकूड धरून स्वतःला ओढून ठेवतं. मुळंही ताणाच्या बाजूला जोर धरतात. माती छान आहे. पण त्या अंगाला वजन फार झालंय. ते उतरवायला हवं."

नाना काही बोलले नाहीत, पण त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मग तो उभा राहिला, चार पावले मागे गेला आणि मान वर करून म्हणाला, "गंमत बघा. इथपर्यंत झाड सरळ आलंय. इथून वळलंय. दहा-बारा वर्षांचं असेल तेव्हा. त्या सुमाराला इथं काय झालं होतं?"

आम्ही सगळे वर बघू लागलो. झाड जिथून वळले होते, बरोबर त्या उंचीवर आमची गॅलरी होती.

"आमचं लग्न," ही म्हणाली.

माझे लग्न १९७६चे. घर तोवर एकमजली होते. वडिलांनी माझ्यासाठी वर खोली बांधली आणि तिला आंब्याच्या बाजूला गॅलरी काढली. पुढे मी गॅलरीवर पत्रा टाकला, त्याच्या बाहेर आणखी हातभर पुढे आला. झाड प्रकाशाकडे वाढते हे आम्ही शाळेत शिकलो होतो. खोक्यात ठेवलेल्या रोपाचे चित्रही काढले होते. सावलीच्या बाजूचा भाग अधिक लांबतो आणि शेंडा उजेडाकडे वळतो. त्याला दहापैकी सात गुणही मिळाले होते. पण आपण कुणाचे खोके आहोत हे त्या चित्रात नव्हते.

पूर्वेला आमची गॅलरी, पश्चिमेला नानांचे मोकळे अंगण. आंब्याने काय करावे? लग्नानंतर मुलाचा कल बदलतो असे आई म्हणायची, ते माझ्याबद्दल. बदलला होता आंब्याचा. इतकी वर्षे ज्या उन्हात पाठ शेकत मी चहा प्यायलो, ते ऊन आधी त्याचे होते.

मी कपाटातून वडिलांचा ओळंबा काढला आणि उगीचच गॅलरीच्या कडेवरून सोडला. सुतळी भिंतीला सरळ लागून राहिली. सूतभरही फरक नाही. घरात सगळे ओळंब्यात होते. वाकायचे काम तेवढे झाडाने केले होते.

परवानगीचा कागद आला आणि पाऊस सुरू होण्याआधी काम झाले. आधी कैऱ्या उतरवल्या. मग नानांच्या बाजूच्या जड फांद्या एकेक करून. सरसकट शेंडा छाटायचा नाही, पाव हिश्शापेक्षा जास्त उतरवायचे नाही, असे साहेबांनी बजावले होते. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे तुटताना बुंध्याची साल ओरबाडून निघत नाही. दोराने बांधून हळूच खाली सोडायची. कापलेल्या जागेला मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट फासायची. झाडे तोडणाऱ्याला हे सगळे न तोडण्याचे काम फार जड गेले. खाली खुर्ची टाकून नाना हुकूम सोडत होते, "हळू! अरे, हळू! लागेल त्याला!" त्याला म्हणजे झाडाला, हे त्या माणसाला शेवटपर्यंत कळले नाही.

सिमेंटचे आळे मात्र फोडावे लागले. बुंधा त्याच्या काठाला टेकला होता आणि मुळांना पाणी जात नव्हते. या वेळी पहार मीच धरली. '१९६५' लिहिलेला तुकडा अलगद निघाला. भिंतीचा तडा मुळामुळे होता. गवंड्याने तेवढा भाग उतरवला, मुळाला हात न लावता खाली कमानीएवढी वाट ठेवली, वर काँक्रीटची तुळई टाकली आणि तिच्यावर भिंत पुन्हा घातली. तुळईच्या वर नानांनी तो तुकडा बसवून घेतला. बसवताना गवंडी ओळंबा शोधू लागला, तर नाना म्हणाले, "राहू दे. थोडा कलता असला तरी चालेल."

मग ते माझ्याकडे वळले. "काय रे बाळ? चालेल ना?"

'बाळ' ऐकून माझा घसा का दाटावा, ते मला कळेना. मी गवंड्याला उगीचच सिमेंट कमी पडल्याबद्दल रागावलो.

आता गॅलरी काही पाडता येत नाही. ती पाडायची तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा परवानगी, शिवाय वडिलांचे काम. पण पत्रा माझा होता. तो मी काढला. सकाळचे ऊन आता त्याच्या जागेवरून आरपार आंब्यावर पडते आणि त्या अंगाला दोन-चार तांबूस पालव्या फुटल्या आहेत. झाड पुन्हा सरळ होणार नाही, साठीनंतर कोण होतो? पण बघते आहे इकडेही.

जूनमध्ये नाना नातीला तिची खोली परत देऊन आपल्या जागी निजायला गेले. वारा सुटला की अजून उठतात म्हणे. पण खुर्चीत बसत नाहीत, पाणी पिऊन पुन्हा निजतात.

पत्रा गेल्यामुळे माझी मात्र पंचाईत झाली. पावसात गॅलरीत बसता येत नाही, उन्हात डोके तापते. म्हणून हल्ली मी सकाळचा चहा भिंतीपलीकडे, नानांच्या मागच्या व्हरांड्यात घेतो. समोर आंबा असतो. तिथे बसले की फार बोलावे लागत नाही. परवा लोणच्याची बरणी आली. माईंनी ती भिंतीवरून हिच्या हातात दिली आणि विचारले, "हे आहेत का घरात?"

"छे हो," ही म्हणाली, "ते तुमच्याकडेच आहेत. लग्नानंतर आंबा वळला, आता हे वळलेत."